कोच म्हणतात, "व्हिटॅमिन आहे"

घोडबंदरवाली | रविवार, रात्री ९.४०

एरवी मी इथे पाककृतींच्या धाग्यांवर रेंगाळते. आज विषय वेगळा आहे आणि जरा घाईचा आहे.

माझी मुलगी सोळा वर्षांची. सातवीपासून धावतेय, ८०० मीटर. घोडबंदर रोडला राहतो, म्हणजे पावणेपाचला उठायचं, आणि मेट्रोच्या खांबांमधून वाट काढत बाबांनी स्कूटरवरून तिला ग्राउंडवर सोडायचं. गेल्या वर्षी जिल्ह्यात दुसरी आली, विभागीयला गेली, राज्याचं थोडक्यात हुकलं. त्यानंतर कोच बदलला. नवे सर वेळेचे पक्के आहेत, मुलांना जीवही लावतात. एका मुलाच्या पायाला फ्रॅक्चर झालं तेव्हा रात्रभर हॉस्पिटलात तेच बसले होते. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही सरळ शिव्या घालायला लागाल.

सोमवारी तिची सॅक धुवायला काढली. बाहेरच्या कप्प्यात नंबर लावायच्या सेफ्टी पिना, दोन हेअरबँड आणि खाली एक झिपची छोटी पिशवी. आत एकवीस कॅप्सूल. अर्ध्या पिवळ्या, अर्ध्या पांढऱ्या. पट्टी नाही, नाव नाही, तारीख नाही. पिशवीवर मार्करने "स + रा" एवढंच. सकाळ आणि रात्र.

लेक म्हणाली, सर सगळ्यांना देतात, रिकव्हरीचं व्हिटॅमिन आहे. दर महिन्याला 'डाएट'चे म्हणून दीड हजार देतो, त्यातलंच. सरांना फोन केला. ते हसले. "मॅडम, व्हिटॅमिन आहे. पोरगी थकते ते तुम्हाला दिसत नाही का?" नाव विचारलं तर म्हणे दिल्लीहून लूज येतं, स्वस्त पडतं.

मी लूज शेंगदाणे घेते. लूज औषध पहिल्यांदाच ऐकलं.

हे काय असू शकेल? कुठे तपासून मिळेल? आणि सरांशी न बिघडवता "नको" कसं म्हणायचं? ग्राउंडचं, सरांचं नाव कृपया विचारू नका.

तिरकस_तात्या | रविवार, रात्री ९.५८

शेंगदाण्यांना दाद. बाकी पावणेपाचला उठवलं तर मीही थकतो, मला कोणी व्हिटॅमिन देत नाही.

कळव्याचा_केमिस्ट | रविवार, रात्री १०.३५

ताई, बावीस वर्षं काउंटरवर उभा आहे. आधी एक करा: आजपासून एकही कॅप्सूल तिच्या पोटात जाऊ देऊ नका. पण फेकूही नका. पिशवीसकट, त्या मार्करच्या अक्षरासकट बाजूला ठेवा.

आत काय आहे हे डोळ्यांनी कोणीच सांगू शकणार नाही. रिकामी कॅप्सूल बाजारात शेकड्याने मिळते आणि हाताने भरायचं यंत्रही मिळतं. त्यात ग्लुकोज असेल, चुनखडी असेल, खरंच बी-कॉम्प्लेक्स असेल, किंवा स्टेरॉइड असेल. दम्याच्या, सांधेदुखीच्या 'आयुर्वेदिक' पुड्यांमध्ये डेक्सामेथासोन कुटून घातलेलं असतं, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. पेशंट म्हणतो, वैद्यबुवांच्या हाताला गुण आहे. गुण कसला, स्टेरॉइड आहे ते.

आता खेळाचा भाग. यादी जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेची, म्हणजे वाडाची. दरवर्षी १ जानेवारीला नवी लागू होते. आपल्याकडे राबवते ती राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजे नाडा. या कायद्याचा गाभा एकच आहे आणि तो पालकांना कोणी सांगत नाही: शरीरात जे सापडलं त्याची जबाबदारी खेळाडूची. कोणी दिलं, का दिलं, माहीत होतं की नव्हतं, याने शिक्षा कमीजास्त होईल, वयाचाही विचार होईल, पण "मला सरांनी दिलं" म्हणून सुटका होत नाही.

उदाहरण आपल्याच राज्यातलं. नरसिंग यादव, तीन वेळा महाराष्ट्र केसरी. २०१६ ला रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर मेथँडिएनोन नावाचं स्टेरॉइड सापडलं. म्हणाला जेवणात कोणीतरी मिसळलं. नाडाने ते मानलं, पोरगा रिओला पोहोचला. आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने मानलं नाही, आणि कुस्तीच्या आदल्या दिवशी चार वर्षांची बंदी. त्याआधी २०११ ला आपल्या ४ बाय ४०० रिलेच्या मुली अडकल्या, त्यात २०१० च्या आशियाई सुवर्णविजेत्या संघातली अश्विनी अक्कुंजीही. औषध तेच, मेथँडिएनोन. मुलींचं म्हणणं होतं की परदेशी कोचने दिलेल्या जिनसेंगमधून आलं. कोचची नोकरी गेली, मुलींची दोन वर्षं गेली.

लेबल असलेल्या डब्याचीही खात्री देता येत नाही. बिनलेबलच्या पिशवीबद्दल मग काय बोलणार.

पामबीचचा_पळपुटा | रविवार, रात्री ११.०२

+१ केमिस्टसाहेब. सर्दी-खोकल्याचीही भानगड सांगा ना. पृथ्वी शॉचं तेच झालं होतं ना?

कळव्याचा_केमिस्ट | रविवार, रात्री ११.१०

हो. २०१९, टर्ब्युटालिन. साध्या कफ सिरपमध्ये असतं, माझ्या मागच्या फडताळात आत्ता चार कंपन्यांचं उभं आहे. आठ महिन्यांची बंदी बसली. शेन वॉर्नला २००३ च्या विश्वचषकाआधी घरी पाठवलं ते लघवी वाढवणाऱ्या गोळीमुळे. म्हणाला, बारीक दिसायला आईने दिली. वर्षभर बाहेर. म्हणजे ताई, आईलासुद्धा सूट नाही :) नाडाचं 'नो युवर मेडिसिन' नावाचं ॲप आहे, औषधाचं नाव टाकलं की चालतं की नाही ते कळतं. पण त्यासाठी औषधाला नाव लागतं.

कट्टर_तटस्थ | सोमवार, सकाळी ८.१५

मला एक कळत नाही. महागडे बूट चालतात, उंचावरची शिबिरं चालतात, कॅफिन तर २००४ पासून यादीतून काढलंय. मग गोळीचाच एवढा बाऊ का? सगळ्यांना घेऊ द्या, डॉक्टरच्या देखरेखीखाली. लास व्हेगासला तशा स्पर्धेची घोषणा झालीच आहे. ढोंग तरी संपेल.

तिरकस_तात्या | सोमवार, सकाळी ८.३१

देखरेख करणारा डॉक्टर व्हेगासला मिळेल हो. दिवा स्टेशनला कोण करणार, लोकलमधला हळदीवाला?

हाडांची_डॉक्टर | सोमवार, दुपारी २.२०

ओपीडी संपवून लिहितेय. वाशीला बसते, खेळाडू बरेच येतात.

तटस्थ, तुमचा मुद्दा सज्ञान माणसांपुरता वादाला घेऊ, पण धागा सोळा वर्षांच्या मुलीचा आहे. तुमच्या "सगळ्यांना घेऊ द्या" मध्ये जिला घ्यायचं नाही तिचं काय होतं ते सांगा. तिला एकतर घ्यावं लागतं, नाहीतर घरी बसावं लागतं. बुटांमुळे कोणाचा आवाज फाटत नाही.

घोडबंदरवाली, घाबरवायचं नाही, पण स्पष्ट सांगते. समजा आत ॲनाबोलिक स्टेरॉइड असेल, म्हणजे टेस्टोस्टेरॉनचं भावंड. मुलीच्या शरीरात पाळी लांबते किंवा बंद होते, तोंडावर, पाठीवर मुरुमं येतात, ओठावर लव येते, आवाज जाड होतो. पाळी औषध थांबवल्यावर बहुधा परत येते. जाड झालेला आवाज परत येत नाही. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी ज्या चकत्यांमधून वाढ होते त्या लवकर मिटतात, उंची तिथेच थांबते. तोंडाने घ्यायची स्टेरॉइड्स यकृताला त्रास देतात, चांगलं कोलेस्टेरॉल पाडतात. हे काही नसेलही. तरी पाळीचं विचारा आणि एकदा रक्त करून घ्या, त्यात लिव्हरच्या चाचण्या आणि हार्मोन्स असू देत. फिजिशियनला पिशवी दाखवा, लपवू नका. आणि थकवा खरा असेल तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, बघा. आपल्याकडच्या धावणाऱ्या मुलींमध्ये मला दहातल्या बऱ्याच जणींत लोह कमी सापडतं. त्याला लूज कॅप्सूल लागत नाही.

"व्हिटॅमिन आहे" हे वाक्य वाचून मला पूर्व जर्मनी आठवली. तिथे सरकारच्याच योजनेने हजारो खेळाडूंना निळ्या गोळ्या दिल्या, ओरल-टुरिनाबोल. मुलांना सांगायचे, व्हिटॅमिन. हायडी क्रीगर गोळाफेकीत होती, सोळाव्या वर्षापासून गोळ्या चालू. १९८६ ला युरोपची विजेती झाली. पुढे १९९७ मध्ये लिंगबदल करून आंद्रियास झाला, आणि आंद्रियास आजही सांगतो की तो निर्णय माझा मला घेऊ द्यायला हवा होता, गोळ्यांनी आधीच ढवळाढवळ केली. भिंत पडल्यावर कागद बाहेर आले तेव्हा पालकांना कळलं. तोवर मुलं मोठी झालेली.

नौपाडकर | सोमवार, सायं. ६.४५

डॉक्टरताईंनी लिहिल्यावर आता माझं म्हणजे म्हाताऱ्याचं पुराण. २४ सप्टेंबर १९८८, शनिवार. सोलची १०० मीटर. बेन जॉन्सन ९.७९. आमच्या वाड्यात दोन दिवस दुसरा विषय नव्हता, मी तर पोरांना शेवटच्या पावलाला हात वर कसा केला ते करून दाखवत होतो. मंगळवारी बातमी आली, स्टॅनोझोलॉल, म्हणजे स्टेरॉइडच. पदक गेलं, कार्ल लुईसला मिळालं. पुढे त्या आठातल्या सहा जणांची नावं या ना त्या प्रकरणात आली.

पण मला तेव्हापासून लागून राहिलाय तो चौथा आलेला कॅल्विन स्मिथ. ९.९९ धावला. त्याच्या नावावर कधी काही निघालं नाही. शर्यत संपली तेव्हा त्याच्याकडे कॅमेरा वळलासुद्धा नव्हता. कांस्य मिळालं ते नंतर, त्या क्षणाचं काय? आपल्या अंजू बॉबी जॉर्जचंही तेच. २००५ ची मोनॅकोची वर्ल्ड ॲथलेटिक्स फायनल, रौप्य. पुढे असलेल्या रशियन बाईचा जुना नमुना पुन्हा तपासला, त्यात सापडलं, आणि अंजूला सुवर्ण मिळालं २०१४ मध्ये. नऊ वर्षांनी कोणी राष्ट्रगीत वाजवतं का?

संपादक | सोमवार, रात्री ८.०५

दोन प्रतिसाद काढले आहेत. कोच कोण हे ओळखायचा खेळ इथे नको.

कोपरखैरणेचा_लिफ्टर | सोमवार, रात्री १०.५०

मी वेटलिफ्टिंग केलंय, दोन वेळा राष्ट्रीयपर्यंत. एकदा चाचणीला बसलोय, ते सांगतो, कारण पालकांना वाटतं बाटलीत सू करायची आणि निघायचं.

उचल संपली की एक माणूस येतो, कागदावर सही घेतो, आणि तिथून तो तुमची सावली. पाणी प्यायला गेलात तरी सोबत. खोलीत सीलबंद पाण्याच्या बाटल्या ठेवलेल्या, त्यातलीच उचलायची. किट आपण निवडायचं, सील आपणच तोडायचं. मग आत जायचं तर शर्ट छातीपर्यंत वर, पँट गुडघ्यापर्यंत खाली, आणि समोर अधिकारी उभा, बघत. नव्वद मिली लागते. वजन उतरवायला आदल्या दिवशी थेंबभर पाणी प्यायलो नव्हतो, मला अडीच तास लागले. मग आपल्याच हाताने दोन बाटल्यांत ओतायची, ए आणि बी. झाकण फिरवलं की कट-कट-कट असा आवाज येतो, तो थांबेपर्यंत फिरवायचं, नंतर उलटं फिरत नाही. गेल्या सात दिवसांत काय काय घेतलं ते फॉर्मवर लिहायचं. मी क्रोसिन आणि इसबगोल लिहिलं. अधिकारी हसला होता.

माझा निकाल निल आला, म्हणजे काही सापडलं नाही. पण खरं सांगायचं तर मी साधू म्हणून नाही. आमच्या खोलीत चौघं होतो, दोघं 'सायकल'वर, म्हणजे स्टेरॉइडच्या कोर्सवर होते. मला पैसे पुरत नव्हते एवढंच. त्यातला एक आता गावी पोल्ट्री चालवतो, अडतिसाव्या वर्षी हृदयात स्टेंट. दुसरा ठणठणीत आहे, भेटला की दंड दाखवतो. म्हणून मी पोरांना "मरशील" असं सांगत नाही, त्यांना तो दुसराच दिसतो.

आता जिममध्ये शिकवतो. तिथे तर कोणी तपासायलाच येत नाही. पोरं मेफेंटरमाइनचं इंजेक्शन मारतात. ऑपरेशनमध्ये भूल दिल्यावर बीपी पडलं तर वर आणायला असतं ते. ही लेग डेला, पायांच्या व्यायामाच्या दिवशी मारतात! छाती धडधडते, डोळे मोठे होतात, आणि म्हणतात "पंप आला." सांगितलं तर उत्तर ठरलेलं: काका, तुमचा जमाना गेला.

भरतीवाला_कळंबोली | मंगळवार, सकाळी ७.१०

काकांनी जिमचं लिहिलं म्हणून. मी तीन वर्षं पोलीस भरतीची तयारी करतोय. १६०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक, मिळून ५० मार्क. एका सेकंदाने मार्क उडतो, एका मार्काने नोकरी. ग्राउंडच्या दिवशी संडासात सिरिंज पडलेल्या मी स्वतः बघितल्यात. मैदानी चाचणीला मूत्र तपासणार कोण? हजारो पोरं असतात.

इथे सगळे ऑलिंपिक, बेन जॉन्सन बोलताय. आमच्यासाठी मेडल वगैरे नाही हो. बाप रिक्षा चालवतो, घरात पहिली सरकारी नोकरी, बस. दीडशे रुपयाचं इंजेक्शन आणि पगाराची पावती. मी घेतलं नाही, पण घेणाऱ्याला मी शिवी देऊ शकत नाही. ताईंच्या सरांचंही तेच असेल. पोरगी राज्याला गेली तर दहावी-बारावीचे सवलतीचे गुण, पुढे खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण. चार पालक नवीन येतात, सरांची फी येते.

पामबीचचा_पळपुटा | मंगळवार, सकाळी ९.३०

भावा, तुझा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे.

दिल्लीत २०२३ च्या सप्टेंबरमध्ये काय झालं ते आठवतं का? राज्य ॲथलेटिक्स स्पर्धा, शेवटच्या दिवशी नाडाचे लोक येणार अशी कुणकुण लागली. पुरुषांच्या १०० मीटर फायनलला लाइनीवर एकच पोरगा. बाकी गायब. एक ज्युनिअर मुलगी स्टीपलचेस संपवून थांबलीच नाही, पळत राहिली, मागे अधिकारी. स्टेडियमच्या संडासात सिरिंज, तू म्हणतोस तशाच. तेव्हा व्हिडिओ बघून मी हसलो होतो. आता ती पळत राहिलेली मुलगी डोळ्यांसमोरून जात नाही. तिलाही कोणीतरी "स + रा" लिहून दिलं असेल.

वाडाचे २०२४ चे आकडे आहेत: भारतात ७,११३ नमुने, २६० सापडले. म्हणजे ३.६ टक्के. चीनमध्ये आपल्या तिपटीहून जास्त नमुने तपासले आणि सापडलेले आपल्यापेक्षा कितीतरी कमी. आणि आपण २०३० ला अहमदाबादला राष्ट्रकुल भरवतोय, २०३६ चं ऑलिंपिकही मागतोय.

कट्टर_तटस्थ | मंगळवार, सकाळी १०.०५

जास्त सापडतात म्हणजे पकडायचं काम होतंय असंही म्हणता येईल. पकडलेच नाहीत तर टक्का शून्य येतो, टाळ्या वाजवा. रशियाने सोची २०१४ ला भिंतीला भोक पाडून रात्री बाटल्या बदलल्या, तेव्हा कागदावर सगळे स्वच्छच होते. आपली दिल्लीची प्रयोगशाळासुद्धा २०१९ ते २०२१ निलंबित होती, नमुने बाहेर पाठवावे लागायचे.

मुलीच्या बाबतीत डॉक्टरांचं मान्य. माझं वाक्य मागे घेतो, तेवढ्यापुरतं.

तिरकस_तात्या | मंगळवार, सकाळी १०.१२

तटस्थाने वाक्य मागे घेतलं. वाचनखूण साठवली.

कळव्याचा_केमिस्ट | मंगळवार, दुपारी ३.४०

ताई, एक राहिलं. २०२२ च्या उत्तेजकविरोधी कायद्यात घेणाऱ्याला किंवा देणाऱ्याला तुरुंग नाही, बंदी आहे. पण देणाऱ्या कोचवरची बंदी खेळाडूपेक्षा कडक असते, आणि समोर लहान मूल असेल तर आजन्मापर्यंत जाते. शिवाय बिनलेबलचं औषध वाटणं हा वेगळाच गुन्हा, त्यासाठी अन्न व औषध प्रशासन आहे. सरांशी फोनवर बोलू नका, लिहून विचारा.

घोडबंदरवाली | शनिवार, रात्री १०.१५

सगळ्यांचे आभार. उशीर झाला, आठवडाच तसा गेला.

मुलीने एकूण नऊ दिवस घेतल्या होत्या. रक्त केलं, लिव्हर ठीक. हार्मोन्सचे रिपोर्ट यायचेत. हिमोग्लोबिन ९.८. डॉक्टरताई, तुम्ही म्हणालात ते तसंच निघालं, लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. पट्टीवरचं नाव, कंपनी, तारीख, सगळं लेकीनेच मोठ्याने वाचून दाखवलं. ॲपवरही टाकून बघितलं.

सरांना व्हॉट्सॲपवर विचारलं: सर, कॅप्सूलचं नाव आणि कंपनी कळवाल का, डॉक्टर मागताहेत. निळ्या खुणा लगेच उमटल्या. उत्तर चार तासांनी आलं: "तुमचा विश्वास नसेल तर दुसरीकडे बघा." मी वाचलं आणि पुन्हा उघडेपर्यंत तो मेसेज काढून टाकलेला. स्क्रीनशॉट घ्यायचं सुचलं नाही. पालकांच्या ग्रुपवर लिहिलं तर तिघींनी फक्त हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि एकीने फोन करून सांगितलं, "अगं, माझ्या मुलाची राज्याची निवड पंधरा दिवसांवर आहे, आत्ता नको."

लेक दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिचा राग कॅप्सूल काढून घेतल्याचा नव्हता, ग्रुपवर लिहिल्याचा होता. काल बाबांबरोबर येऊरच्या रस्त्याला पळायला गेली, एकटीच, कोचशिवाय. घड्याळ लावलं नाही म्हणाली.

पिशवी कपाटात दागिन्यांच्या डब्यामागे ठेवलीय. अर्ज लिहायला घेतला आहे, दोनदा फाडला. त्या फ्रॅक्चरवाल्या मुलाची रात्र आठवते मग.

भरतीवाला_कळंबोली | शनिवार, रात्री १०.४०

ताई, येऊरला चढावर पळायला सांगा तिला, ८०० ला उपयोग होतो. फुकट आहे.

नवी_सदस्य_७१ | शनिवार, रात्री ११.५५

इथे पहिल्यांदाच लिहितेय, हा धागा वाचूनच सदस्यत्व घेतलं. माझा मुलगा चौदाचा आहे, लांब उडी. आम्ही ऐरोलीला राहतो, ग्राउंड वेगळं आहे, सर वेगळे आहेत.

ताई, कॅप्सूलचा पिवळा भाग गडद आहे का, हळदीसारखा? आणि पिशवीवर "स + रा" मराठीतच लिहिलंय ना?

घोडबंदरवाली | रविवार, रात्री १२.०३

व्यक्तिगत निरोप बघा.